सिरिल तुस्कानोची कोरडी धावपट्टी

सिरिल तुस्कानोच्या मते जगात शहाणी माणसं दोनच. एक तो स्वतः, आणि दुसरा जंबो विमानाची नियमपुस्तिका लिहिणारा तो कुणी इंजिनिअर, ज्याचं नावसुद्धा पुस्तिकेवर नव्हतं. बाकी सगळे अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले. हे मत त्यानं मनात ठेवलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण सिरिलला ते तोंडावर सांगायची खोड होती, आणि आखातातल्या रास अल खैमाच्या विमानतळावरच्या कंपनीच्या तीन खोल्यांच्या ऑफिसात त्याच्या जिभेचा प्रसाद न मिळालेला माणूस औषधालाही सापडला नसता.

वसईजवळच्या गासचा हा माणूस एका मालवाहू विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होता. विमान उडायच्या आधी किती इंधन भरायचं, किती माल चढवायचा, कुठल्या वाटेनं जायचं आणि पोचल्यावर तिथली धावपट्टी थांबायला पुरेल की नाही, हे जमिनीवर बसून ठरवायचं आणि कागदावर सही करायची, हे त्याचं काम. एक सही कॅप्टनची, एक डिस्पॅचरची. दोन्ही झाल्या तरच विमान हलतं. या दुसऱ्या सहीचा सिरिलला असा माज होता की बँकेच्या फॉर्मवरही तो पेन आपटून सही करायचा.

त्याचा खास प्रांत म्हणजे बर्फ. कंपनीची तीन म्हातारी जंबो विमानं हिवाळ्यात मध्य आशियातल्या गोठलेल्या विमानतळांवर यंत्रं आणि पाइप घेऊन जायची. बर्फानं भरलेल्या पट्टीवर अडीचशे टनांचं धूड उतरवायचं तर कोरड्या पट्टीचं गणित चुलीत घालण्याच्या लायकीचं. चाकांना पकड मिळत नाही, ब्रेक दाबला तरी विमान घसरत पुढे जातं. ओला बर्फ इंचभर जरी साचला असला तरी थांबायला दीडपट अंतर लागतं. आडवा वारा असला तर शेपूट फिरायला बघते. आणि सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणजे अलगद उतरणं. प्रवासी ज्याला टाळ्या वाजवतात ते लोण्यासारखं टेकवणं बर्फावर केलं की चाकं वरच्या वर तरंगत राहतात आणि तेवढ्यात दोनशे मीटर पट्टी फुकट जाते. बर्फावर विमान ठरल्या जागी, ठरल्या वेगात, दणकून टेकवायचं आणि इंजिनांचा उलटा जोर त्याच क्षणी लावायचा. हे सगळं सिरिलला जपमाळेसारखं पाठ होतं.

बर्फ मात्र त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. त्याचा बर्फ म्हणजे फ्रीजरमधला, नाहीतर लग्नाच्या पापलेटांच्या खोक्यातला. दुबईच्या मॉलमध्ये खोटा बर्फ आला तेव्हा बायकोनं, लुसीनं, हट्ट धरून त्याला तिथे नेलं. पुण्या-मुंबईची झाडून सगळी मंडळी भाड्याचे कोट चढवून, हिमालय सर केल्यासारखे फोटो काढत होती. सिरिलनं त्यांच्याकडे एक जळजळीत नजर टाकली, मुलीच्या दप्तरातून आणलेली पट्टी काढली आणि उकिडवं बसून ती बर्फात खुपसली.

"चार इंच. वरून भुसभुशीत, खाली दाबलेला," तो म्हणाला. "ब्रेकिंग मीडियम."

"डॅड, प्लीज," व्हिवियन म्हणाली. "एव्हरीवन इज लुकिंग."

तर असा हा बर्फाचा पंडित. पण एवढं कबूल करायला हवं की त्याचं गणित कधी चुकलं नाही. बर्फाच्या प्रत्येक उड्डाणाला तो पुस्तिका उघडून हातानं हिशोब करायचा, एका पिवळ्या चिठीवर तीन आकडे लिहायचा आणि ती चिठी कागदांना टाचून कॅप्टनच्या हाती द्यायचा: पट्टी किती, लागणार किती, उरणार किती. ही पद्धत कंपनीच्या कुठल्याही नियमात नव्हती, ती सिरिलची होती.

चिठी घेणाऱ्या कॅप्टनांबद्दल त्याचं मत काय वर्णावं. त्यातही कॅप्टन अजीज म्हणजे त्याची खास शिकार. लाहोरकडचे, पूर्वी फौजेत मालवाहू विमानं चालवलेले, साठीला टेकलेले. वाक्याला एक इन्शाल्ला असायचंच. हवा कशी आहे, इन्शाल्ला ठीक. इंधन पुरेल ना, इन्शाल्ला. सिरिल मागून म्हणायचा, "यांचं विमान केरोसीनवर चालत नाही, इन्शाल्लावर चालतं." अजीज विमान नेहमी दणकून टेकवायचे. बर्फावर हेच बरोबर, हे सिरिलइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तो म्हणायचा, "त्याला अक्कल आहे म्हणून नाही आपटत, अलगद उतरवता येत नाही म्हणून आपटतो." अजीजना हे ऐकू जात असावं, कारण ऑफिसच्या भिंती पुठ्ठ्याच्या होत्या.  तरी ते पिवळी चिठी वाचायचे, घडी करायचे आणि शर्टाच्या खिशात ठेवून निघायचे.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात निनाद टिपणीस आला. पुण्याचा एमबीए, वय एकतीस, हुद्दा सिस्टिम्स मॅनेजर, बसायचं दुबई सिलिकॉन ओएसिसच्या काचेच्या हेड ऑफिसात. विमानाचं शेपूट कुठलं आणि तोंड कुठलं हे त्याला नक्की सांगता आलं असतं, त्यापुढे शंका होती. त्यानं दोन महिन्यांत एक एक्सेल शीट बनवली. वजन टाका, विमानतळ टाका, पट्टीवरच्या बर्फाची जाडी टाका, की उत्तर तयार. पुरत असेल तर हिरवा चौकोन, नसेल तर लाल. मॅनेजमेंट खूश. सिरिलनं पहिल्याच दिवशी शीट उलटीपालटी करून तिची खोट शोधली. बर्फाच्या जाडीचा रकाना रिकामा सोडला तर शीट पट्टी कोरडी धरून चालत होती. त्यानं लगेच फोन लावला.

"सिरिल सर, बी प्रॅक्टिकल," निनाद म्हणाला. "मॅनेजमेंटला प्रेझेंटेशन दिलं तेव्हा प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये लाल एरर यायला लागला. चेअरमन म्हणाले, हे काय लाल लाल? मग मी फॉर्म्युला टाकला. ब्लँक असेल तर ड्राय. अहो, आपल्या नव्वद टक्के फ्लाइट्स गल्फमध्येच जातात. इथे कुठला स्नो?"

"आणि उरलेल्या दहा टक्क्यांचं काय, निनादराव? तुमच्याकडे पेपर टाकणारा आला नाही तर त्या दिवशी जगात काही घडलंच नाही का?"

"सर, स्नो असला तर तिकडचा एअरपोर्ट रिपोर्ट पाठवतोच ना."

"पाठवतो. पण ज्या दिवशी सगळ्यात जास्त पडतो, त्या दिवशी रिपोर्ट पाठवणारा माणूस फावडं घेऊन पट्टीवर असतो."

वाळवंटात बसून कागद कोरा म्हणजे पट्टी कोरडी असं समजणारी माणसं जगात दुसरीकडे कुठे निपजली नसती. सिरिलनं हे ऑफिसभर सांगितलं, चवीनं, आठवडाभर. लेखी मात्र कुणाला कळवलं नाही. मूर्खांना लेखी कळवून काय उपयोग, हे त्याचं तत्त्व. हिवाळा यायला अजून अवकाश होता, आणि पिवळी चिठी होतीच.

मग ते प्रसिद्ध कोसळणं आलं. सप्टेंबरात अमेरिकेतल्या बँका बसल्या, नोव्हेंबरात आखातातल्या क्रेन थांबल्या. मुहैस्नाहच्या कॅम्पांतून कामगार बसगाड्या भरभरून विमानतळाकडे जाऊ लागले आणि कंपनीच्या विमानांना माल मिळेना. एक जंबो विकलं, दुसरं वाळूत उभं राहिलं. चौदा डिस्पॅचरांचे पाच झाले. नव्या साली हाती एकच खरं काम उरलं: कझाकस्तानातल्या एका खाणीसाठी ड्रिलिंगची यंत्रं पोचवायची. तिथलं विमानतळ डोंगरात, पट्टी अठ्ठावीसशे मीटर, तिच्या पुढे खोल नाला. त्याआधी डिसेंबरातच एक हुकूम निघाला होता. ऑडिट होणार आहे, तेव्हा फ्लाइटच्या कागदांत हातानं लिहिलेलं काही नको, फक्त शीटची प्रिंट. पिवळी चिठी खलास. सिरिल या हुकमावर भरपूर बोलला आणि त्यानं चिठ्या देणं बंद केलं.

त्याचं कारण घरात होतं. व्हिवियन दहावीला होती आणि मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा. केंद्र इथलंच होतं. नोकरी गेली की व्हिसा रद्द, व्हिसा रद्द झाला की तीस दिवसांत देश सोडायचा, आणि वर्षाच्या मध्ये वसईत जाऊन त्या बोर्डाच्या परीक्षेला बसता येत नव्हतं. लुसी दोनदा शाळेत चौकशी करून आली होती. पोरीचं वर्ष जाणार, ही गोष्ट सरळ होती.

"मार्चपर्यंत तोंड आवर, सिरिल," लुसी रोज सकाळी डबा देताना म्हणायची. "एवढंच मागते. मग बोल काय बोलायचं ते."

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातला बुधवार. सकाळचे नऊ. विमान भरून उभं होतं, बाराला निघून तिथे उजेडात उतरायचं होतं. सिरिलनं शीट उघडली. तिथल्या विमानतळाचा बर्फाचा जुना रिपोर्ट पहाटे बाद झाला होता, नवा आलाच नव्हता. रकाना रिकामा. शीटनं उत्तर दिलं: लागणार बावीसशे मीटर, पट्टी कोरडी, चौकोन हिरवागार. पण हवामानाच्या बुलेटिनमध्ये सकाळपासून बर्फ पडत असल्याचं लिहिलं होतं आणि तापमान बरोबर शून्य. म्हणजे ओला बर्फ, सगळ्यात वाईट. त्यानं खाणीच्या एजंटला फोन केला. तो म्हणाला, बुटाचा तळ बुडतोय. सिरिलनं पुस्तिका काढली, जुन्या सवयीनं पिवळी चिठी ओढली आणि हिशोब केला. तीनदा केला. तिन्ही वेळा लागणारं अंतर एकतीसशे मीटर. पट्टी अठ्ठावीसशे.

तीनशे मीटर कमी. यात मत वगैरे काही नव्हतं. माल उतरवून वजन कमी करायचं, नाहीतर बर्फ उपसेपर्यंत थांबायचं, एवढाच प्रश्न होता. त्यानं निनादला फोन लावला.

"सिरिल सर, शीट ग्रीन आहे ना?" निनाद म्हणाला. "मग?"

"रकाना रिकामा आहे म्हणून ग्रीन आहे."

"सर, ऐका. आज माल नाही पोचला तर कॉन्ट्रॅक्ट गेलं, खलास. आणि एक सांगतो. पाचचे तीन करायचेत. लिस्ट माझ्या टेबलवर आहे, संडेला पाठवायचीय. तुमचं नाव लिहायला मला आवडणार नाही. शीट ग्रीन आहे, सिस्टिम ओके म्हणतेय, तुमच्यावर काही येत नाही. करा सही. यल्ला, चला."

ज्या निनाद टिपणीसला सिरिल सहा महिने चव्हाट्यावर धूत होता, त्या निनादनं त्याला दोन मिनिटांत ओळखलं होतं. सिरिल खुर्चीत बसून राहिला. त्याला व्हिवियन आठवली, तिच्या टेबलावर चिकटवलेलं परीक्षेचं वेळापत्रक आठवलं, आणि परीक्षेला उरलेले चाळीस दिवस. मग त्यानं स्वतःची समजूत घातली. पुस्तिकेतले आकडे थोडे राखूनच दिलेले असतात. तिकडे एव्हाना फावडी लागली असतील. शेवटी विमान कॅप्टन उतरवतो, मी नाही. आयुष्यभर ज्या सबबींवर थुंकला, त्या त्यानं एकेक करून स्वतःला दिल्या. मग चिठी ड्रॉवरमध्ये टाकली आणि प्रिंटवर सही केली.  सही झोकदार आली.

साडेदहाला कॅप्टन अजीज काउंटरवर आले. त्यांनी कागद उलटले, पुन्हा पहिल्यापासून उलटले.

"सिरिल भाई, आज पर्ची नहीं है?"

"अब सब कंप्यूटर में है, कप्तान साहब."

अजीजनी प्रिंटकडे पाहिलं. कोरडी पट्टी, हिरवा चौकोन, खाली सही.

"आपने ख़ुद देखा है ना?"

इथे अजून वेळ होती. ड्रॉवर गुडघ्याला लागत होता. तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते, आणि तोंड उघडणं ही तर सिरिलची उभ्या आयुष्याची कमाई.

"देखा है," सिरिल म्हणाला.

"फिर ठीक है," अजीज म्हणाले, आणि सही करून निघून गेले.

त्या संध्याकाळी काय झालं ते ऑफिसला तीन दिवसांनी कळलं. ढग खाली आले होते, पट्टी शेवटच्या मिनिटाला दिसली, आणि दिसली तेव्हा ती पांढरी होती. टॉवरवरचा माणूस ब्रेकिंगबद्दल जे बोलला ते अर्धं रशियन होतं. अजीजनी विमान ठरल्या जागी दणकून टेकवलं, उलटा जोर लगेच लावला, ब्रेक पूर्ण दाबले, आणि अडीचशे टन नुसतं घसरत राहिलं. पट्टीच्या टोकाचे लाल दिवे समोर येत गेले. अजीजनी उलटा जोर नियमापेक्षा जास्त वेळ धरून ठेवला, एक इंजिन त्यात भाजून निघालं, आणि विमान थांबलं तेव्हा पुढे चाळीस पावलं पट्टी उरली होती. सहवैमानिकाला खाली उतरल्यावर उलटी झाली. माल वेळेवर पोचला. कंपनीनं खाणीकडून आभाराची ईमेल मिळवली आणि ती सगळ्यांना पाठवली. कुणी मेलं नाही, विमान मोडलं नाही, तेव्हा चौकशी कसली करायची?

शनिवारी दुपारी अजीज ऑफिसात आले. सिरिल एकटाच होता. त्यांनी ती प्रिंट त्याच्यासमोर ठेवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"सिरिल भाई, एक बात पूछनी थी. आपको पता था?"

नाही म्हणणं सोपं होतं. शीट निनादची, खोट निनादची, रकाना रिकामा. सिरिल नाही म्हणणारच होता. पण या माणसासमोर ते शब्द तोंडातून बाहेर पडेनात. त्यानं ड्रॉवर उघडला आणि पिवळी चिठी काढून दिली. अजीजनी चष्मा लावून तिन्ही आकडे वाचले. एकतीसशेखाली सिरिलनं त्या दिवशी दोन रेघा ओढल्या होत्या.

"रनवे सफ़ेद देखकर मैं वापस ऊपर जा सकता था," अजीज म्हणाले. "एक सेकंद सोचा भी. फिर सोचा, सिरिल भाई ने देख लिया है. बर्फ़ ऊपर-ऊपर की होगी."

 ज्याला सिरिलनं वर्षानुवर्षं पाठीमागून गाढव ठरवलं, तो माणूस त्याच्या एका शब्दावर दोन साथीदारांना घेऊन त्या नाल्याच्या काठापर्यंत गेला होता. अजीजनी चिठी घडी करून खिशात ठेवली आणि ते निघून गेले.

सिरिल महिनाभर तक्रारीची वाट पाहत राहिला.  तक्रार आलीच नाही. आपल्या अहवालात अजीजनी ब्रेकिंग खराब होतं एवढंच लिहिलं, सिरिलचं नाव कुठेही घेतलं नाही. रविवारच्या यादीत दोन नावं होती, तीही दुसऱ्यांची. त्यातला टोनी परेरा आपल्या दोन मुलांना वर्ष अर्धवट सोडून घेऊन गेला. व्हिवियननं मार्चमध्ये परीक्षा दिली आणि तिला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले. लुसीनं मजल्यावरच्या सगळ्यांना केक वाटला. मे महिन्यात कंपनीनं सिलिकॉन ओएसिसचं ऑफिसच बंद केलं आणि निनाद टिपणीस शीटसकट पुण्याला परतला. सिरिलला कळलं तेव्हा तो म्हणाला, "गेला एकदाचा गाढव." समोर बसलेल्यांपैकी कुणी हसलं नाही. ती प्रिंट कुणी काढली होती आणि तिच्यावर कुणाची सही होती, हे सहवैमानिकाचं सगळ्यांना सांगून झालं होतं.

पुढच्या डिसेंबरात बर्फाची उड्डाणं पुन्हा सुरू झाली. आता हातानं हिशोब करायला कुणाची मनाई नव्हती. सिरिल प्रत्येक उड्डाणाला नवी चिठी लिहायचा, आकडे पूर्वीपेक्षा मोठे काढायचा. ऑफिसात एक नवी मुलगी आली होती, ठाण्याची मुग्धा, लायसन्सची शाई ओली असलेली. सिरिल तिला पाठांतरवाली म्हणायचा.

त्या महिन्यात एका सकाळी कॅप्टन अजीज काउंटरशी आले. सिरिल कागद घेऊन उभा होता, वर पिवळी चिठी टाचलेली. अजीजनी सलाम केला, लुसीची चौकशी केली, पोरीचं कॉलेज कसं चाललंय विचारलं. मग त्यांनी सिरिलच्या खांद्यावरून आत पाहिलं.

"और कौन है ड्यूटी पे?" ते म्हणाले.

 सिरिलनं आत हाक मारली आणि मुग्धा आल्यावर तिला आपली खुर्ची दिली. अजीजनी सिरिलची चिठी न वाचता काढून बाजूला ठेवली आणि पुस्तिका तिच्यापुढे सरकवली.

"बेटा, ज़रा हाथ से निकाल दो, कितना रनवे लगेगा. आराम से. मैं बैठा हूँ."

तिनं पेन्सिल हातात घेतली. सिरिल दोघांसाठी चहा आणायला गेला.